वात पिळत नाहीत, वळतात : वळणं, पिळणं, गुंफणं नीट वापरायचं कसं

गेल्या दिवाळीत भाचीचा जर्मनीहून मेसेज आला, "मावशी, वाती पिळून ठेवल्यात, आता तेल किती घालू?" आणि मला डोळ्यासमोर ती दिसली, ओला टॉवेल पिळतात तशी दोन्ही हातांनी वाती पिळतेय आणि खाली तेलाची धार लागलीय. हसून हसून मुरकुंडी वळली माझी (इथेही 'वळली'च, त्याच्याकडे नंतर येते). तिला म्हटलं अगं वाती वळतात, पिळत नाहीत. तर तिने विचारलं, का? दोन्हीत गोल गोलच फिरवायचं असतं ना? आणि मी गप्प. माझं कामच सबटायटल लिहायचं आहे, दिवसभर क्रियापदांशीच मारामारी असते, तरी पटकन उत्तर देता येईना. मग दोन दिवस घरात जे जे हाताने फिरवलं जातं ते सगळं बघत बसले, आणि जे सापडलं ते इथे लिहितेय. मुलांना परदेशात मराठी शिकवणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या लिहून पोट भरणाऱ्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, शब्दकोश बाजूला ठेवा. इंग्रजीत 'ट्विस्ट' म्हटलं की झालं, मराठीत त्याच्या जागी पाच-सहा क्रियापदं उभी असतात आणि भाषांतराच्या ॲपला विचारलं तर ते बहुतेक वेळा 'पिळणे' पुढे करतं. त्यापेक्षा हात बघा आणि एकच प्रश्न विचारा, हात थांबल्यावर मागे काय उरतं? वळण्यात एक घडवलेला आकार उरतो, वात, लाडू, दोरी. पिळण्यात एक तर काहीतरी बाहेर निघतं, पाणी, रस, लिंबाचे चार थेंब, नाहीतर वस्तूत ताण उरतो. गुंफण्यात वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकतात पण प्रत्येक वेगळी ओळखू येते. आणि विणण्यात शेवटी काहीतरी पसरट तयार होतं, कापड, चटई, बाज, टोपली. एवढं लक्षात आलं तरी बरंचसं काम झालं, पण नुसतं वाचून लक्षात राहत नाही, एकदा करूनच बघा.

वातीपासून सुरुवात करा कारण कापूस सगळीकडे मिळतो. देवकापूस मिळाला तर उत्तमच, नाहीतर मेडिकलमधला चालतो. आधी कापूस हाताने नीट पिंजून घ्या म्हणजे त्यातल्या गाठी जातील, मग लांबट पट्टी ओढा, अंगठा आणि पहिल्या बोटाला दुधाचा नाहीतर पाण्याचा हात लावा, पट्टीचं एक टोक चिमटीत धरा आणि एकाच दिशेने फिरवत पुढे सरका. आमच्या आजीसारख्या बायका हे मांडीवर करायच्या, तळहाताखाली कापूस आणि एक लांब सर्रकन हात फिरवला की वात तयार, बोलणं एकीकडे चालूच. ही झाली समईची लांब वात, तेलातली. निरांजनात तुपाची फुलवात लागते, तिला नाण्याएवढा कापसाचा तुकडा पातळ पसरायचा, कडा वर गोळा करायच्या आणि फक्त वरचं टोक फिरवून शेंडी काढायची. फार घट्ट वळू नका. तेल वर चढतं ते कापसाच्या तंतूंमधल्या बारीक जागांमधून, त्याच दाबून टाकल्या तर ज्योत मिणमिणते. फार सैल ठेवलीत तर वात भसाभस जळते आणि काजळी धरते. आता हात थांबवा आणि बघा, काही बाहेर आलं का? नाही. कापूस होता तो वात झाला, म्हणून वाती वळतात.

हेच लाडवाचं. लाडू वळताना पीळ नसतो, नुसता दाबून गोल फिरवायचा, तरी क्रियापद तेच. मोदक वळतात, मुटके वळतात, लग्नघरात गव्हले वळतात, ते तांदळाएवढे बारीक, एक एक बोटांच्या चिमटीत, आणि औषधाची गोळीसुद्धा पूर्वी वैद्य वळूनच द्यायचे. विड्या वळतात, आणि हे काही घरगुती हौसेचं काम नाही, सोलापूर-सिन्नरकडे हजारो बायकांचं पोट या एका क्रियापदावर आहे, मजुरी हजार विड्यांमागे मोजतात. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, ती विड्या वळणाऱ्या हातांनी भांडून मिळवलेली. मूठही वळतात. पण पापड लाटतात, चकल्या पाडतात, कुरडया घालतात, तिथे वळणं घुसवू नका, कोणी काही बोलणार नाही पण ऐकणारीला कळेल की तुम्ही स्वयंपाकघरात कधी गेलाच नाहीत.

आता व्याकरणाची गंमत, आणि शिकणारे हमखास इथेच अडकतात. वळणं दोन्ही बाजूंनी चालतं. तिने लाडू वळले, यात 'ने' आहे आणि क्रियापद लाडवाप्रमाणे बदलतं, म्हणून तिने वात वळली, तिने वाती वळल्या, त्याने दोर वळला. पण रस्ता डावीकडे वळला, ती कोपऱ्यावर वळली, यात 'ने' नाही, कारण तिने काही वळलं नाही, ती स्वतःच वळली. 'तिने डावीकडे वळली' असं लिहिलेलं मी स्वतः दुरुस्त केलंय, म्हणून सांगते. आणि दुसरं कोणाला वळायला लावलं की वळवणं येतं, गाडी वळवली, पाटाचं पाणी वळवलं, सासऱ्यांचं मन वळवलं. गुरं वळणं मात्र जुनंच आहे, गुरं भलतीकडे जायला लागली की पुढे होऊन त्यांना फिरवायचं, म्हणून गुराख्याचं काम म्हणजे गुरं वळणं. तिथे वळवणं म्हणत नाहीत.

तिसरा एक प्रकार आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. पाक कच्चा राहिला, बेसन कोरडं पडलं, तर आपण म्हणतो 'लाडू वळत नाहीयेत', 'मेला लाडूच वळेना'. इथे करणारीचा काही दोष नाही, मिश्रणच हाताखाली यायला तयार नाही. 'कळतं पण वळत नाही' ही म्हण सगळे वापरतात आणि बऱ्याच जणांना वाटतं की तिथे रस्त्यासारखं वळायचं आहे, मला मात्र तिथे नेहमी हाच लाडू दिसतो. सामान सगळं आहे, कृती पाठ आहे, पण हाताखाली आकार घेत नाही. माझी ही समजूत कोणत्या पुस्तकातली नाही, पटली तर घ्या.

याच घरातले बाकीचे लोक: भीतीने बोबडी वळते, हसून मुरकुंडी वळते, म्हणजे माणूस पोट धरून गोळा होतो, अक्षरशः लाडवासारखा. अक्षराला वळण असतं, पोराला वळण लावतात, नातू आजोबांच्या वळणावर जातो आणि वळणाचं पाणी वळणावर जातं. हे सगळं एकदा वळलं की तसंच राहणारं, म्हणून मी म्हणते की वळण्यात उरलेला आकार महत्त्वाचा.

आता पिळणं. कपडे पिळा, लिंबू पिळा, ऊस पिळून रस काढा, सगळीकडे काहीतरी बाहेर निघतंय आणि मागे उरतो तो चोथा, सुरकुतलेला कपडा, रिकामी साल. म्हणूनच माणसाला राबवून घेण्याला पिळवणूक म्हणतात आणि 'ऑफिसने पार पिळून काढलं' म्हणतो आपण, वळून काढलं कोणी म्हणत नाही. नाम झालं की मात्र गोष्ट जरा बदलते. पीळ म्हणजे फिरवल्याने वस्तूत साठलेला ताण, मिशीला पीळ देतात, पहिलवानाचं अंग पिळदार असतं, पोटात पीळ पडतो, आतडं पिळवटतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो 'दोन्ही वायरींना पीळ मारा आणि वर टेप लावा', तिथे काही बाहेर निघत नाही पण ताण आहे, एक वायर दुसरीला आवळून धरते. वायर वळली म्हटलं तर ती वाकली एवढाच अर्थ होईल. पीळ देतात, घालतात, मारतात, पीळ पडतो, बसतो, सुटतो, यातलं कोणतं घ्यायचं ते कोण करतंय यावर आहे, मुद्दाम केला तर देणं-घालणं, आपोआप झाला तर पडणं.

मग दोरी वळतात की पिळतात? इथे दोन्ही लागतात म्हणून हे नीट करून बघाच. सुतळीचा हातभर तुकडा घ्या आणि त्याचे पेड, म्हणजे त्यातले पदर, सोडवा, किंवा जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद अशा दोन पट्ट्या फाडा. वरची टोकं एकत्र गाठ मारून डाव्या हातात धरा. दोन पेड झाले, एक तुमच्या अंगाकडचा, एक पलीकडचा. उजव्या हाताने पलीकडच्या पेडाला अंगापासून लांब जाईल असा पीळ द्या, चांगला घट्ट, आणि पीळ सुटू न देता तो पेड दुसऱ्यावरून आपल्याकडे घ्या. आता जो पलीकडे गेला त्याला तोच पीळ, आणि तोही वरून आपल्याकडे. बस एवढंच, पीळ एका बाजूला आणि गुंडाळणं उलट्या बाजूला. चार बोटं झाली की डावा हात सोडून बघा, दोरी सुटत नाही. पेडांचा पीळ सुटायला एका दिशेने धडपडतो, दोरीचा पीळ दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांना धरून बसतात. दोन्ही एकाच दिशेने फिरवलंत तर हात काढल्या काढल्या सगळं भिरभिरत मोकळं, हा प्रयोगही एकदा करून बघा, समजावून सांगण्यापेक्षा बरा. पेड संपत आला की आधीच चार बोटं नवा धागा त्यात घाला, पण दोन्ही पेडांना एकाच जागी जोड देऊ नका, दोरी तिथेच तुटते.

तर पेडाला पीळ देतात आणि दोरी वळतात. दोन्ही क्रियापदं एकाच कामात, एक कारण आणि एक परिणाम. 'दोरी पिळली' म्हटलं तर ती आधीच होती आणि ओली होती असं वाटतं.

घाई असेल तर सोपी युक्ती आहे, बटव्याची नाडी किंवा राखीचा दोरा करायला चालते. हवी त्याच्या तिप्पट लांबीचा दोरा घ्या, एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसऱ्याला पेन्सिल बांधून ती फिरवत सुटा, सैल सोडला की दोरा स्वतःभोवती वेटोळी घ्यायला लागेपर्यंत. मग ताणून धरूनच मधोमध एक किल्ली अडकवा, दोन्ही टोकं एकत्र आणा आणि किल्ली सोडून द्या. ती गरागरा फिरते आणि दोरी स्वतःच वळली जाते. पोरांना हे दाखवलंत तर दिवसभर घरातले सगळे दोरे संपतील, माझ्याकडची जबाबदारी नाही. जानव्यालाही अशीच उलटसुलट पिळांची रीत आहे, नऊ तंतू, तीन-तीन एकत्र करून.

दोरीला सुद्धा नुसतं दोरी म्हणून चालत नाही. गाईला बांधतात ते दावं, बैलाच्या हाकण्याचा तो कासरा, नाकातली वेसण, विहिरीच्या मोटेचा जाड तो नाडा, नारळाच्या काथ्याचा तो सुंभ. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, पानांतून वाख, म्हणजे धागे, काढून देशावर दोर वळायचे आणि पिढ्यान् पिढ्या हे काम मातंग समाजाच्या हातात होतं, शेतकऱ्याचं एक औत त्याच्याशिवाय चालायचं नाही. कोकणात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, पाण्यात महिनोन् महिने कुजवून, मग बडवून काथ्या काढतात. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो पण ती डोळ्यांनी बघून केलेली आहे, काथ्याची दोरी हलवल्याशिवाय जाळली तर राखेतही पीळ तसाच दिसतो, बोट लावलं की मग ढासळते. सुतळीचा वीतभर तुकडा ताटलीत ठेवून बघता येईल, पण मोठं माणूस जवळ असू द्या.

आणि हे माझ्या लक्षात खूप उशिरा आलं, न थांबता बोलणाऱ्यासाठी मराठीत किती शब्द या फिरवाफिरवीतूनच आलेत. चऱ्हाट म्हणजे दोर, आणि कंटाळवाणं लांबलेलं बोलणंही चऱ्हाटच. टकळी म्हणजे हाताने फिरवून सूत काढायची चाती, आणि 'तिची टकळी सुरू झाली' ते वेगळंच. उसाचं गुऱ्हाळ, चर्चेचं गुऱ्हाळ. बरं, सूत मात्र वळत नाहीत, काततात. कारण कातण्यात पीळ देता देता कापूस ओढत न्यायचा असतो आणि धागा लांबत जातो, पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, संपला की दुसरा जोडायचा. गांधीजींचा तो बॅगेसारखा बंद होणारा पेटीचरखा यरवड्याच्या तुरुंगातल्या दिवसांतला, त्यावरही सूत कातलंच जातं.

केसांकडे येऊ. केस पिळतात ते न्हाल्यावर पाणी काढायला. वेणी मात्र घालतात, वळत नाहीत आणि विणतही नाहीत, 'आईने वेणी विणली' हे हल्ली वाचायला मिळतं आणि माझ्या कपाळावर आठी येते. वेणीचे पेड मोजतात, तिपेडी, पाचपेडी. फुलांचं आणखी वेगळं, सुई घेऊन फुलाच्या देठातून दोरा नेला तर ओवणं, सुईशिवाय दोऱ्याच्या फासात एक एक फूल अडकवत नेलं तर गुंफणं. गोव्यात आबोलीची फाती करतात ती केळीच्या सोपाच्या, म्हणजे बुंध्याच्या सालीच्या, दोऱ्याने अशीच बांधत नेलेली, सुई कुठे दिसत नाही. म्हणजे मोत्यांची माळ ओवली म्हणायचं आणि फुलांचा गजरा गुंफला, आणि सुईने केला असेल तर ओवला. गोष्टी, आठवणी, शब्द, हेही गुंफतातच, पण लेखनात गुंफण इतकी झालीय की मी सबटायटलमध्ये शक्यतो टाळते.

गुंफणं डोळ्यांनी बघायचं असेल तर गोफ बघा. गोव्यात, खास करून काणकोणकडे, शिगम्यात, म्हणजे तिथल्या होळीच्या सणात, वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची एकेक टोकं धरून लोक नाचत एकमेकांच्या आतबाहेर जातात आणि वर दोऱ्यांची वेणी तयार होते, मग उलट नाचत तीच सोडवतात. आपल्याकडेही टिपऱ्या-गोफ आहेच. तिथे गोफ गुंफतात किंवा विणतात, दोन्ही ऐकलंय, दोन्ही चालतं. गोफ वळला मात्र नाही, कारण प्रत्येक रंग शेवटपर्यंत वेगळा दिसतो.

एक मुरडणं राहिलं. करंजीची कड बोटाने दुमडत नेतात ती मुरड. नाक मुरडतात, मान मुरडतात. मुरडणं म्हणजे मागे फिरणंही, म्हणून गौरी विसर्जनाच्या दिवशी मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य असतो, गौर परत मुरडून यावी म्हणून. एका कडेच्या घडीत निरोप भरून ठेवलाय बायकांनी. पाय मुरगळतो, कान आणि हात पिरगाळतात, कोंबडीची मान मुरगाळतात. पाय पिरगाळला म्हटलं तर कोणीतरी दुसऱ्याने पिरगाळला असं होईल आणि पोलिसात जावं लागेल.

लिहिताना एवढं सांभाळा. ही सगळी णे-णं वाली आहेत, वळने, पिळने, विणने असं टाइप करू नका, कीबोर्ड सुचवतो म्हणून घेऊ नका. पीळ दीर्घ पण पिळणं, पिळाचा, पिळदार ऱ्हस्व. वीण दीर्घ, विणणं ऱ्हस्व. आणि गुंफणं चालतं तसं गुंफण नामही चालतं, पण 'गुंफन' नाही.

शेवटचं, उलट क्रियापदं, कारण शंका आली की मी तिकडूनच तपासते. जे केलंय ते मोडायला कोणता शब्द येतो बघा. स्वेटर उसवतो, म्हणजे तो विणलेला होता. गुंता सोडवतात, तो कोणी केलेला नसतो, इयरफोनच्या वायरीसारखा झालेला असतो. वेणी सोडतात किंवा उकलतात. दोरीचा पीळ काढतात नाहीतर दोरी उलगडते. आणि लाडू? लाडू फुटतो. वातीला तर उलट शब्दच नाही, वळलेली वात परत कापूस करून ठेवली असं कोणी बोलताना मी ऐकलं नाही, ती जळूनच संपते.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं, पाऊण तास. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, चऱ्हाट हा शब्द कळला मला."